व्हीपी खात्याच्या फ्लॉप्या : वेंगुर्ल्यातल्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला, पाऊस ओसरला. आता हात घालायला हरकत नाही. काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, नाहीतर मध्येच भरकटायला होतं.

काकांच्या दुकानातून वर्षानुवर्षं टपालाने माल जायचा. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कुळथाचं पीठ, मसाला. आगळ कधीच पाठवलं नाही. बाटली फुटली की थैलीतल्या दुसऱ्यांच्या पार्सलांचंही वाटोळं, आणि पोस्टमास्तर पुन्हा दारात उभं करत नाही. गिऱ्हाइकं गिरगाव-परळपासून नागपूर, इंदूर, बडोदा, भिलाईपर्यंत. बहुतेक सगळी व्हीपीने, म्हणजे पार्सल दारात आल्यावर पोस्टमनला पैसे देऊन, घेणारी. १९८८ मध्ये या टपालखात्यासाठी काकांनी संगणक घेतला. बाजारपेठेत त्या वेळी तो बघायला माणसं यायची असं काका सांगतात, आणि त्यातली निम्मी काही न घेताच जायची असं काकी सांगते.

माळ्यावर आहे ते असं: पीसी-एक्सटी जातीचा जुळवलेला संगणक, हार्ड डिस्क नाही, सव्वापाच इंचाचे दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पत्र्याच्या डब्यात फ्लॉप्या, सागवानी पेटीत गिऱ्हाइकांची कार्डं, आणि व्हीपीच्या पावत्यांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले.

करायचं ते असं: फ्लॉप्यांवरची माहिती वाचायची, जुना प्रोग्रॅम चालवून बघायचा, जमलं तर जुन्या प्रिंटरवर लेबलं छापायची. जानेवारीत गावच्या वाचनालयात जुन्या व्यापाराचं छोटं प्रदर्शन आहे, त्यात हे मांडायचं. एक अट मीच घातली आहे. कुठल्याही गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता प्रदर्शनात येणार नाही.

१९ ऑक्टोबर

संगणक थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा नाही, हे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांनी बजावलं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात. त्यांनी सिरीज बोर्ड आणला. मध्ये शंभर वॅटचा बल्ब. बल्ब भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. मंद झाला. तरीही दोन कपॅसिटर फुगलेले निघाले, ते बदलले. खाऱ्या वाऱ्याने मागच्या पट्टीवरचे स्क्रू असे धरले होते की एक कापावाच लागला.

मदरबोर्ड जिवंत आहे. मेमरी मोजण्याचे आकडे हिरव्या रंगात वर चढत गेले, ६४० केबीवर थांबले, आणि फ्लॉपी मागितली.

२० ऑक्टोबर

डब्यात काकांनी कोळशाची पुरचुंडी ठेवली होती. दमट हवेवरचा हा जुना उपाय, आणि तो बऱ्यापैकी लागू पडलेला दिसतो. तरी काही फ्लॉप्यांवर पांढरे ठिपके आहेत. बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड बुरशी खरवडतं, खाली चुंबकीय थर असतो तोही खरवडतं, आणि घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर नेऊन लावतं. म्हणून आधी धुणं.

पद्धत अशी. काळ्या पाकिटाची एक कड ब्लेडने उघडायची, आतली तबकडी अलगद बाहेर काढायची, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून बोटांनी हलकं चोळायचं, शुद्ध पाण्यातून काढून सावलीत वाळवायची, मग दुसऱ्या स्वच्छ पाकिटात सरकवायची. काकी दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या तबकड्यांकडे बघून म्हणाली, "पापड घातलंस काय गो?"

२७ ऑक्टोबर

आज वाचन. जुन्या संगणकात न घालता वेगळा सव्वापाच इंची ड्राइव्ह ग्रीझवीझल नावाच्या छोट्या सर्किटच्या पाटीला जोडला, ती यूएसबीने लॅपटॉपला. हे उपकरण फ्लॉपीवरचे बाइट मागत बसत नाही, चुंबकीय दिशा कुठे कुठे उलटते त्याची वेळ टिपतं. त्यामुळे एखादा सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचा माहितीचा तुकडा, कच्चा असेल तर पुन्हा पुन्हा फिरवून एखाद्या फेरीत तो बरोबर हाती लागतो का ते पाहता येतं. बरोबर की चूक हे ठरवायला प्रत्येक सेक्टरच्या शेवटी तपासणीचा आकडा असतोच.

एका फ्लॉपीवर ४० ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे, दोन बाजू, ट्रॅकमागे ९ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार ३,६८,६४०. म्हणजे आज फोनने काढलेल्या एका फोटोत अशा कितीतरी फ्लॉप्या बुडतील. काकांच्या गिऱ्हाइकांची एक नोंद साधारण दोनशे बाइटची, तेव्हा फ्लॉपीला दीडएक हजार माणसं. म्हणून आडनावाच्या अक्षरांप्रमाणे फ्लॉप्या वेगळ्या केलेल्या आहेत. ए ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम, बी ड्राइव्हमध्ये माणसं.

बहुतेक सगळं वाचलं गेलं. शेवटच्या फ्लॉपीचे बाहेरचे काही ट्रॅक गेले ते गेलेच.

एक गंमत. सगळ्या फाइलींची तारीख १ जानेवारी १९८०. मूळ आयबीएम पीसीच बाजारात आला ऑगस्ट १९८१ मध्ये! कारण साधं आहे. या मशीनमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. सुरू केलं की डॉस, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, तारीख विचारायचं, आणि सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना काका नुसतं एंटर मारायचे. डॉसची कालगणना १ जानेवारी १९८० ला सुरू होते, तेव्हा तीच तारीख पडायची. फाइलींवरून काळ ठरवता येणार नाही. त्यासाठी पावत्यांवरचे टपालाचे शिक्के बघावे लागतील. कागद अधिक खरा, इथे तरी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आत्या आली आहे. ओवाळणी, जेवण झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन ओटीवर बसले.

फाइली डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या आहेत. या फाइलीची रचना सुटसुटीत असते, म्हणून ती आजही कुठल्याही साध्या स्क्रिप्टने उघडते. पहिला बाइट प्रकार सांगतो, पुढचे तीन तारीख (इथे ८०, १, १ असणार हे ठाऊकच होतं), मग किती नोंदी, मग प्रत्येक रकान्याचं नाव, प्रकार आणि लांबी. रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा.

नावं रोमन लिपीत पण मराठी आहेत: नाव, पत्ता१, पत्ता२, पत्ता३, पिन, नेहमी, परत, शेरा.

'पिन'पर्यंत समजलं. 'नेहमी'त असलं काही होतं: के१ ए२ पी४. मी स्क्रीनकडे बघत असतानाच आत्या मागून म्हणाली, "एक किलो काजूगर, दोन आमसुलां, चार पोळये." आणि चहा ठेवायला आत गेली.

४ नोव्हेंबर

सकाळी आत्याला कार्डांच्या पेटीसमोर बसवलं आणि ती बोलत राहिली. या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी दिवस.

संगणक यायच्या आधी टपालखातं आत्या सांभाळायची. लग्न होऊन सावंतवाडीला गेल्यावरही हंगामात येऊन बसायची. एक गिऱ्हाईक, एक कार्ड. पत्ता शाईने. त्याखाली नेहमीची मागणी, ती पेन्सिलीने, कारण ती बदलते. उजव्या कोपऱ्यात परत आलेल्या प्रत्येक व्हीपीचा लाल ठिपका. दोन ठिपके झाले की पुढल्या वेळी 'आधी मनीऑर्डर करा, मग माल' असं कार्ड जायचं.

पोस्टकार्डावर लोक लिहायचे काय? निम्म्याहून जास्त जणांचा मजकूर असा असायचा की नेहमीप्रमाणे पाठवा. किंवा नेहमीचंच, फक्त पोळी एक जास्त, मुलगी बाळंतपणाला आली आहे. यादी कोणी लिहायचंच नाही. यादी दुकानाने लक्षात ठेवायची.

"गिऱ्हाइकाक काय व्हया ता तेका परत सांगूक लागता नये," आत्या म्हणाली. "सांगूक लागला तर तो बाजारात जाऊन घेयत ना!"

प्रोग्रॅम लिहायला कुडाळच्या संगणक क्लासमधला एक मुलगा यायचा. काकांना वाटत होतं की तो हिशेब बसवून देईल. तो आत्यासमोर बसला. एकेक कार्ड काढून विचारायचा, हा ठिपका कसला, ही पेन्सिल का. आठवडाभर त्याने बोटसुद्धा की-बोर्डला लावलं नाही, आणि काका वैतागले होते की पैसे देतोय ते गप्पा मारायला काय. 'नेहमी' म्हणजे पेन्सिल, 'परत' म्हणजे लाल ठिपके. प्रोग्रॅमची मजकुराची फाइल शाबूत आहे आणि तिच्यात ती ओळ स्वच्छ दिसते: 'परत' एकापेक्षा जास्त असेल तर व्हीपीचं लेबल छापू नको.

हिशेब मात्र अखेरपर्यंत रोजमेळ आणि खतावणीतच राहिला. काकांचा मशीनवर विश्वास नव्हता, आणि बरं झालं असं मला वाटतं. त्या काळच्या विजेवर हिशेब सोपवणं धाडसाचं होतं.

१० नोव्हेंबर

दोन-दोनदा आलेली नावं शोधली. संगणकावर देवनागरी उमटवायला जिस्ट कार्ड मिळायचं, पण ते काकांच्या खिशाबाहेरचं. मग सगळी नावं रोमनमध्ये, आणि टाइप करणाऱ्याच्या कानाप्रमाणे. एकच सावंत एकदा डब्ल्यूने, एकदा व्हीने.

असल्या कामाला साउंडेक्स नावाची जुनी युक्ती आहे. तिचं पहिलं पेटंट १९१८ चं, संगणकाच्या कितीतरी आधीचं. अमेरिकेत जनगणनेची कार्डं लावायला वापरली गेली. सारखी ऐकू येणारी व्यंजनं एका आकड्यात बसवायची. पण तिचे कान इंग्रजी आहेत. ती डब्ल्यू सोडून देते आणि व्हीला १ देते, त्यामुळे आपले दोन सावंत एस५३० आणि एस१५३ असे दोन गावांना जातात. स्वतःचा तक्ता लिहिला: डब्ल्यू-व्ही एक, दीर्घ-ऱ्हस्व एक, शेवटचा ए गाळायचा.

पत्ता जुळला की माणूस एक, हा नियमही इथे चालत नाही. लालबाग-परळमध्ये एकेका खोलीचा पत्ता असंख्य नोंदींना आहे. त्या गावकऱ्यांच्या खोल्या. एका गावची माणसं भाडं वाटून घ्यायची, पाळीपाळीने गिरणीत जायची आणि पाळीपाळीने झोपायची. नावं वेगळी, 'नेहमी' वेगळं, पत्ता एकच. संगणकाने ही 'चूक' सुधारली असती तर अख्खा गाव एका गिऱ्हाइकात गेला असता.

१६ नोव्हेंबर

प्रदर्शनाच्या फलकासाठी व्हीपीचा मजकूर लिहायला घेतला. आताच्या मुलांना हे सांगावं लागेल.

व्हीपीची सोय भारतात १८७७ पासून. मनीऑर्डर टपाल खात्याकडे १८८० मध्ये आली. व्हीपी म्हणजे पोस्टमन पार्सल देताना पैसे घेणार आणि ते पैसे पोस्ट मनीऑर्डरने दुकानदाराला पाठवणार. गिऱ्हाइकाने 'व्हीपी सोडवली' नाही तर पार्सल आलं तसं परत, आणि जाण्याचा टपालखर्च दुकानाच्या डोक्यावर. मांजरपाटाच्या कापडात शिवलेलं पार्सल, शिवणीवर लाखेचे शिक्के, कापडावरच शाईने पत्ता. शिवणकाम काकी करायची. सुई-दाभण अजून तिच्या डब्यात आहे.

कोकणात मनीऑर्डर म्हटलं की मुंबईहून गावी येणारा पैसाच आठवतो. मुंबईतल्या चाकरमान्याने घर चालवायचं आणि पोस्टमनने ते घरी पोचवायचं. या दुकानात तोच पैसा उलट कारणाने यायचा. गावची चव मुंबईला, आणि तिची किंमत परत गावाला. जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली तेव्हा काकांनी शेवटचा कोरा फॉर्म जपून ठेवला. तो फलकावर लावणार.

मागवण्याची हौस आमच्याही घरी होती. मासिकातलं कूपन कापायचं, पत्ता लिहायचा, आणि मग पोस्टमनची सायकल ऐकत बसायचं. माळ्यावर गंजलेला बुलवर्कर सापडला, व्यायामाचं साधन. त्याची जाहिरात तेव्हा प्रत्येक मासिकात असायची. तो कोणी मागवला हे घरात कोणी कबूल करत नाही. व्हीपीतली मेख अशी की पैसे आधी, उघडणं नंतर. शेजारच्या एकाने जाहिरात बघून ट्रान्झिस्टर मागवला आणि खोक्यातून डब्यापेक्षा थोडी बरी अशी वस्तू निघाली, तिला पुण्याचं केंद्र काही लागलं नाही. आत्याच्या दुकानदारीची भिस्त त्यामुळेच विश्वासावर होती. तिची पोळी उघडली की पोळीच निघायची.

२४ नोव्हेंबर

आत्याची पेन्सिल डोक्यातून जात नव्हती. धंद्यासाठी संगणक पहिल्यांदा कोणी वापरला, हे फलकावर दोन ओळींत द्यावं म्हणून वाचायला बसले आणि रात्र गेली.

पहिला मान कुठल्या बँकेचा किंवा कारखान्याचा नाही, चहा-पावाच्या दुकानांचा! लंडनची जे. लायन्स ही चहाची दुकानं चालवणारी कंपनी. तिचे दोन अधिकारी १९४७ मध्ये अमेरिकेत कचेरीची यंत्रं बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, आपणच संगणक बांधू. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स एडसॅक नावाचा संगणक बांधत होते, त्याला पैशाची मदत करून त्याच नमुन्यावर लिओ हा स्वतःचा संगणक उभा केला. सुमारे ६,००० व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या), पाऱ्याच्या नळ्यांमधून फिरणाऱ्या ध्वनिलहरींची मेमरी. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीच्या मालाची किंमत काढायचं काम दर आठवड्याला त्यावर होऊ लागलं.

मला थांबवलं ते १९५४ च्या कामाने. प्रत्येक चहाच्या दुकानाची रोजची मागणी ठरलेली: इतके पाव, इतके केक. ती लिओकडे आधीच. दुकानाची व्यवस्थापिका दुपारी फोन करून फक्त फरक सांगायची, आज हे दोन जास्त, ते एक कमी. फोन ऐकणारी मुलगी ऐकता ऐकता तेवढाच फरक कार्डावर छिद्रांनी टिपायची. बाकी यंत्राला ठाऊक. पाठवणीच्या याद्या रात्रीत तयार.

म्हणजे 'नेहमीचंच, फक्त पोळी एक जास्त.' ही व्यवस्था ज्यांनी आखली त्या डेव्हिड कॅमिनर यांना जगातले पहिले सिस्टिम्स ॲनालिस्ट, म्हणजे धंद्याचं काम संगणकासाठी मांडून देणारे, म्हणतात. मी आत्याला फोन करून हे सांगितलं. तिचं उत्तर: "मगे? दुसरा कसा करतले?"

व्यापारी संगणक हा आकडेमोडीचा भाऊ, असं शाळेत शिकवलं होतं. माझं मत आता असं आहे की धंद्यात त्याला पहिलं खरं काम मिळालं ते गिऱ्हाइकाची सवय लक्षात ठेवण्याचं, आणि ती सवय कोणीतरी आधीच कागदावर नीट मांडलेली होती म्हणूनच ते त्याला जमलं. शिकागोत सीअर्स या कंपनीने १९०६ मध्ये टपालविक्रीची प्रचंड इमारत बांधली, तिच्यात हवेच्या दाबाच्या नळ्यांतून मागणीच्या चिठ्ठ्या धावायच्या आणि प्रत्येक मागणीला पाठवणीची वेळ ठरवून दिलेली असायची. संगणकाचं नावही नव्हतं. व्यवस्था आधी, यंत्र मागून. सीअर्सचा जाडजूड कॅटलॉग १९९३ मध्ये बंद झाला. काकांचं टपालखातं त्याच्या पुढे काही वर्षं चाललं, हे काकांना सांगितल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

फलकासाठी: भारतात १९६१ मध्ये मुंबईतल्या एस्सो या तेल कंपनीने आयबीएम १४०१ बसवला. खोली भरेल एवढा संच, मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची, आणि प्रिंटर मिनिटाला ६०० ओळींचा. खाद्य म्हणून ८० रकान्यांची छिद्रांची कार्डं. काकांच्या हिरव्या पडद्यावरही एका ओळीत ८०च अक्षरं मावतात. १९२८ मध्ये ठरलेलं ते माप वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेपर्यंत आलं.

८ डिसेंबर

खोडलेल्या नोंदी. डीबेसमध्ये नोंद खोडली तरी ती जात नाही. नोंदीच्या आधी एक मोकळी जागा असते, तिथे चांदणी (*) पडते, एवढंच. पॅक ही आज्ञा दिल्यावरच ती नोंद फाइलीतून निघून जाते. या फाइलींत चांदण्याच चांदण्या आहेत. पॅक कधी दिलेलाच नाही.

जुनी गिऱ्हाइकं पुसवली नसतील, असा माझा अंदाज. काकांना विचारलं.

"मदीच लाईट गेली तर? सगळी फाइल बुडात!"

खरं आहे. पॅक करताना डीबेस सगळी फाइल नव्याने लिहितं. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ते मिनिटामिनिटांचं काम, आणि पावसाळ्यातली वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. पुसवलं नाही वगैरे माझ्या मनातलं. त्यांना फाइल वाचवायची होती.

१५ डिसेंबर

खोडलेल्या नोंदींचा 'शेरा' रकाना वाचला. मयत. बदली. पत्ता चूक. दुकानात येऊन नेतो. आणि पुन्हा पुन्हा, रोमनमध्ये: गिरण बंद.

त्या नोंदींची कार्डं पेटीतून काढली. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काकांचा संगणक त्यानंतर सहा वर्षांनी आला. म्हणजे ही माणसं गिऱ्हाईक राहिलेलीच नव्हती, तरी आत्याने कुडाळच्या मुलाकडून त्यांची कार्डंही भरून घेतली आणि मग खोडायला लावली. कार्डांवर १९८२-८३ मध्ये लाल ठिपके एकामागोमाग पडलेले दिसतात. व्हीपी गेली, सोडवायला पैसे नाहीत, परत आली. त्यानंतर पेन्सिलीची मागणी खोडलेली नाही, फक्त वर लिहिलंय: विचारल्याशिवाय पाठवू नये.

नियमाप्रमाणे दोन ठिपके झालेल्यांना 'आधी मनीऑर्डर' असं कार्ड जायला हवं होतं. यांना ते गेलेलं नाही. प्रोग्रॅममध्ये याची सोय कशी केली ते शोधलं तर सोय नाहीच. आत्याने त्यांचा 'परत' आकडा शून्य भरायला सांगितला होता.

२९ डिसेंबर

छपाई. रिबन अजून मिळते, कारण कार्बन कॉप्या लागतात तिथे आजही डॉट मॅट्रिक्सच चालतो. स्टॅम्प पॅडची शाई घालून जुनी रिबन ओली करण्याचा सल्ला एकाने दिला, तो ऐकला नाही. त्या शाईत वंगण नसतं आणि पिना धरतात. कडेला भोकं असलेला सलग कागद कुडाळला मिळाला.

खोट्या नावांची फाइल बनवली, पत्ते आणि मागण्याही माझ्याच. ए मध्ये प्रोग्रॅम, बी मध्ये खोटी माणसं. प्रिंटर किंचाळला, शेजारचं कुत्रं भुंकलं, आणि लेबलं आली.

क्रम मात्र विचित्र. नावाप्रमाणे नाही, पूर्ण पिनप्रमाणेही नाही. प्रोग्रॅम पाहिला: पिनच्या फक्त पहिल्या तीन आकड्यांवर इंडेक्स लावलेला. १५ ऑगस्ट १९७२ ला आलेल्या पिनमध्ये पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. काका म्हणाले, पार्सलं जिल्ह्याप्रमाणे लावून नेली की पोस्टातला माणूस पहिल्यांदा त्यांचीच घ्यायचा. जुन्या कार्डांवर नुसतं 'मुंबई ४' किंवा 'मुंबई २८' आहे. त्यांना पिन द्यायला तक्ता लागला नाही. ४ चं ४००००४ झालं, २८ चं ४०००२८.

उरलेल्या जुन्या लेबलांवर रोमन छपाईच्या खाली गावाचं नाव काकांच्या हाताने मराठीत लिहिलेलं आहे. खेड्यातल्या पोस्टमनसाठी.

५ जानेवारी २०२५

वहिनी व्हॉट्सॲपवर माल विकते. आंबापोळी, मसाला, काजूगर ३२० नंबर, म्हणजे पौंडाला तीनशे ते तीनशेवीस गर बसणारा. ऑर्डर कशी येते? 'ताई, मागच्या वेळचंच पाठवा.' मग वहिनी अंगठ्याने वर सरकवत राहते, लग्नाचे फोटो, शुभ सकाळ, सणाच्या शुभेच्छा, आणि त्याखाली कुठेतरी मागच्या वर्षीची यादी. पैसे घरपोच दिल्यावर घ्यायचे तर काही पार्सलं परत येतात, आणि कुरियरचा जाण्या-येण्याचा खर्च तिच्या डोक्यावर.

तिच्या एक्सेलमध्ये दोन रकाने घातले. 'नेहमी' आणि 'परत'. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, परत दोन झालं आणि माणूस चांगला असेल तर? मी म्हटलं, आत्याला विचार.

१२ जानेवारी

मांडणी ठरली. टेबलावर चालू संगणक, खोट्या नावांची फाइल, येणाऱ्याने 'नेहमी'त फरक करून स्वतःचं लेबल छापून न्यायचं. शेजारी मांजरपाटात शिवलेलं एक पार्सल, काकीने नव्याने शिवलेलं. कोरं कार्ड एक, शाई आणि पेन्सिल कुठे ते बाणाने दाखवून. मूळ कार्डं आणि खऱ्या फाइली घरीच राहतील. बुलवर्कर ठेवायचा की नाही यावर घरात मतदान झालं, ठेवायचा.

लिओच्या फलकावर आत्याचंही नाव हवं असा माझा हट्ट होता. तिने नको म्हटलं. म्हणाली, त्यापेक्षा टेबलापाशी माका खुर्ची घाल, इचारतले त्यांका मी सांगतंय.

बाकी काम: फ्लॉप्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, एक गोव्यात माझ्याकडे. पेटीतले 'म' आणि 'व' हे कप्पे स्कॅन व्हायचे आहेत, ते मिरगाआधी उरकायचे. प्रिंटरची एक पिन अधूनमधून उमटत नाही. टीव्हीवाले दादा बघतो म्हणाले आहेत. कुडाळचा तो मुलगा आता कुठे असतो याचा काका तपास करत आहेत.